कोपऱ्याला मासळीचा वास

बाईमाणसाचं शेडमध्ये काय काम, असं मोतीरामभाऊ नेहमी म्हणायचा. म्हणायचा, आणि जमुना डबा घेऊन आली की स्वतःच उठून तिला बसायला खोका सरकवायचा. अशा माणसाच्या बोलण्याला कोण किंमत देणार? त्या दिवशी मात्र तो खुर्चीतून हलला नाही, आणि जमुनेला उंबऱ्यातच कळलं की काहीतरी बिनसलंय.

एकसष्ट सालची ही गोष्ट. डहाणूच्या खाडीकाठी मच्छीमारांच्या संस्थेने होड्यांना इंजिन बसवायची शेड काढली होती. मोतीरामभाऊ संस्थेचा सेक्रेटरी आणि जमुनेचा नवरा नारू शेडचा मिस्त्री. नारू मूळचा तांडेल, होडीचा म्होरक्या. पंचवीस वर्षं शिडाच्या होडीवर वाऱ्याशी भांडला, मग एकदा दोरात अडकून पाय अधू झाला, आणि घरी बसून माशा मारण्यापेक्षा बरं म्हणून शेडमध्ये शिरला. चार वर्षांत इंजिन त्याला असं वश झालं की नुसत्या आवाजावरून सांगायचा, कुठला नट सैल आहे ते. डहाणूपासून पार बोर्डीपर्यंत लोक म्हणत, इंजिन खोकलं तर नारूकडे न्या. जमुना हे बाजारात मासळी विकताना गिऱ्हाइकांना ऐकवायची. कोणी विचारलेलं नसतानाही ऐकवायची.

ह्या खेपेला शेडमध्ये होडी होती ती जमुनेच्या धाकट्या भावाची, काळूची. नरपडची पहिली मशीनवाली होडी. इंजिन ताडपत्रीखाली येऊन पडलं होतं, पण ते बसवायचं तर होडीच्या पोटात जाड सागाला तीस भोकं पाडायला हवीत. पण होडीच्या पोटात जागेची अडचण. तिथे सरळ ड्रिल मावतच नाही. म्हणून मोठ्या ड्रिलच्या तोंडाला लावायचं एक जाडजूड डोकं मुंबईहून आणलं होतं. ड्रिल आडवं धरायचं आणि गिरमिट खाली काटकोनात फिरायचं, कारण डोक्याच्या आत दोन दातेरी चाकं एकमेकांना वळवत असतात. त्याचं नाव काहीतरी साहेबी होतं, ते कोणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळे त्याला कोपऱ्या म्हणत.

तर एकोणीस भोकं पाडून कोपऱ्या अडला होता. आधी गरम झाला, मग किंचाळला, मग गप्प.

"वहिनी, बरं झालं आलात. तुमच्यासमोरच बोलतो," मोतीरामभाऊ म्हणाला. चष्मा काढून तो धोतराच्या सोग्याने पुसत होता, म्हणजे बोलणं अवघड होतं. "दोन महिन्यांत हे तिसरं. पहिल्यांदा नट आडवा चढवला, मग इंजिनाचं पॅकिंग उलटं बसवलं. आणि आता हे. नारू, मी काय आंधळा नाही. संध्याकाळच्या आत कोपऱ्या फिरला तर ठीक. नाही तर बिलीमोऱ्याचा फिटर यायला तयार आहे. तो आला की मिस्त्री तोच. तुला मी टाकणार नाही, राखणदाराची जागा आहे."

नारूने डिसमिस उचलला. त्याच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. जमुनेच्या मनात आलं, राखणदार! ज्याने भर वादळात चार होड्या बंदराला लावल्या, तो दाराशी स्टुलावर बसून कुत्री हाकलणार?

"उघडतो," नारू म्हणाला.

"उघड. मी स्टेशनवर मालाचं बघून येतो." आणि मोतीरामभाऊ छत्री घेऊन गेला.

शेडमध्ये उरले तिघे. नारू, जमुना, आणि उधव्याचा सुक्या. सुक्या डोंगराकडचा भातवाला शेतकरी, शेती नसेल त्या दिवसांत लाकडाच्या गाडीबरोबर यायचा आणि शेडमध्ये राहायचा. ताकद बैलाची, म्हणून ड्रिल तोच धरायचा. कोपऱ्या त्याच्याच हातात अडला होता, त्यामुळे बिचारा सकाळपासून भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"मिस्त्री, मी चार दिस सांगतोय, त्या मशीनला मासळीचा वास मारते," तो पुन्हा म्हणाला.

"अरे, मासळीच्या गावात वास येणार तो मासळीचाच. अत्तर का येणार आहे?" नारू करवादला. हेच उत्तर सगळ्यांनी सुक्याला चार दिवस दिलं होतं आणि चार दिवस सगळे त्याला हसले होते. जमुनाही हसली होती.

नारूने कोपऱ्या फळीवर ठेवला. उघडण्याआधी जोडावर डिसमिसच्या टोकाने आडवी रेघ ओढली, म्हणजे बंद करताना दोन्ही बाजू जशाच्या तशा जुळाव्यात. हे सगळं ठीक. मग तो पहिल्या स्क्रूला लागला. डिसमिस खाचेत बसेना. अंगठ्याने खाच चाचपली, डिसमिस लावला, निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. तिसऱ्या वेळी त्याने मान मागे घेतली, इतकी मागे, की जणू कोपऱ्या त्याला चावणार होता.

जमुना बघत राहिली. आणि तिला एकदम ताट आठवलं. तीन महिने झाले, हा माणूस ताटात नुसतं कालवण घेत होता. मासळीला हात नाही. विचारलं तर म्हणे, पोट जड वाटतं. काट्यांच्या मासळीवर जन्म काढलेला माणूस, त्याचं पोट जड! तिने ओव्याचं पाणी दिलं होतं, देवीला नारळ बोलली होती. डोळ्यांचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता.

तिने डब्याचं फडकं सोडलं, जमिनीवर अंथरलं आणि त्याच्यासमोर मांडी ठोकली.

"हे काय आता? घरी जा तू."

"मासळी वाळूला लागली की कोणाची?"

नारूने वैतागून वर पाहिलं. उत्तर किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही येतं. समुद्रातून आणायची ती पुरुषाने. होडी वाळूला लागली की मासळी बाईची. निवडणं, मांडणं, मोजणं, सगळं तिने करायचं, आणि पुरुषाने मध्ये हात घातला तर चारचौघींत त्याची शोभा होते. ही रीत मोडलेली नारूने कधी बघितली नव्हती.

"बायकोचीच की," तो म्हणाला.

"मग ह्या कोपऱ्याच्या पोटातून जे बाहेर येईल ते माझं. तुम्ही काढा, मी मांडते."

"जमुने, हे बोंबील नव्हेत."

"नसू देत. बोंबलांपेक्षा जास्त नखरे नसतील ह्यांचे."

सुक्या फिस्सकन हसला. नारूलाही हसू आलं असावं, कारण त्याने डिसमिस पुढे केला आणि जमुनेने त्याचं टोक खाचेत धरून दिलं. जोर त्याचा. चारही स्क्रू निघाले.

जमुनेकडे कमरेला जाळ्याचं सूत नेहमी असायचं. तिने हातभर सूत तोडलं. निघालेली वस्तू ओवायची आणि मागे गाठ मारायची. पुढची वस्तू, पुन्हा गाठ. जे शेवटी निघेल ते परत बसवताना पहिलं, म्हणजे सूत उलटं सोडत गेलं की झालं. वस्तूची जी बाजू वर होती ती गाठीकडे. वाळवायला हजार बोंबील दोऱ्यावर टांगणाऱ्या बाईला हे शिकवायला कोणी लागलं नाही. टोपण निघालं. वाटोळी स्प्रिंग निघाली, ती उडून जायची, पण नारूने तळहात आडवा धरला होता. हाताला अजून सगळं ठाऊक होतं. मग त्याने मोगरीने बाजूला हळू, अगदी दार वाजवल्यासारखं ठोकलं, आणि मोठं दातेरी चाक बेअरिंगसकट बाहेर आलं.

आलं ते तपकिरी चिकट चिखलात माखून. दातांच्या फटी काठोकाठ भरल्या होत्या आणि काही जागी तो चिखल दगड झाला होता.

"ग्रीस जळलं," नारू म्हणाला.

जमुनेने बोटावर घेतलं. अंगठ्याने चोळलं. बोटं उघडली तर मध्ये तारा धरल्या. तिने पुन्हा चोळलं, कारण पहिल्यांदा तिचा स्वतःच्या बोटांवर विश्वास बसला नाही. हे ती दरसाल आपल्या हाताने चुलीवर रटरटवायची: मुशी माशाचं तेल आणि राळ. होडीच्या फटी बुजवायचं चोपण. पाणी आत येऊ नये म्हणून लावतात, आणि ऊन लागलं की आवळून घट्ट होतं. कोपऱ्याच्या पोटात तर उन्हाच्या दसपट गरमी!

"अहो, हे कोणी भरलं?"

"मीच. गेल्या सोमवारी. ग्रीसच्या डब्यातून."

"डबा दाखवा बघू."

नारूने फळीखालचा डबा काढून दिला. तिथे एकाच जातीचे दोन डबे होते, बिस्किटांचे, आणि दोन्हीवर मोतीरामभाऊने कागद डकवून शाईने नावं घातली होती. जमुना शाळेत दुसरीपर्यंत गेली होती. तिने वाचलं आणि डबा त्याच्यापुढे धरला.

"काय लिहिलंय?"

नारूने हात लांब केला. आणखी लांब केला. "ग्रीस," तो म्हणाला.

"राळ," जमुना म्हणाली.

सुक्या उभा राहिला. "मी बोललो होतो! मासळीचा वास!" आणि मग दोघांचे चेहरे बघून तो गपकन खाली बसला. खरंच की हो. बाहेरचा कोणीही माणूस डबा उघडताच नाक धरून पळाला असता. पण ज्यांच्या नाकातच जन्मापासून मुशीचं तेल बसलंय, त्यांना तो वास कसा येणार? अख्ख्या शेडमध्ये नाक होतं एकट्या डोंगरातल्या सुक्याचं, आणि त्यालाच सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं.

"तुम्हाला दिसत नाही," जमुना हळूच म्हणाली.

"लांबचं दिसतं. खाडीच्या तोंडावरची शिडं मोजून देतो. जवळचंच..." नारूने डबा बाजूला सारला. "कोणाला सांगू नको. आंधळा मिस्त्री कोण ठेवतो? पाय गेला तेव्हा होडी गेली. आता डोळे गेले तर काय उरलं माझ्याकडे, सांग."

जमुनेला राग आला. खरा, अंगभर राग. "मी उरले ना! तीन महिने माझ्याशी खोटं बोललात, पोट जड म्हणे! मी देवीला नारळ बोलले तुमच्या पोटासाठी! देवी काय म्हणत असेल मला?"

"तुला काळजी नको म्हणून..."

"हो, मोठे आले. सुक्या, घासलेट आण. आणि पाणी तापव बादलीभर."

रडायला तिला वेळ नव्हता. ऊन उतरायला लागलं होतं.

चाकं सुतासकट घासलेटात भिजत घातली, कोपऱ्याचा रिकामा खोका कढत पाण्यात बुडवून ठेवला. राळ सुटायला लागली. जमुनेने बांबूची काडी तासली आणि दातादातातून चोपण कोरून काढलं, कोलंबीच्या पाठीतला धागा काढावा तसं. लोखंड लावू नको, दाताला ओरखडा पडेल, असं नारूने बजावलं होतं. बेअरिंग मात्र त्याने स्वतःकडे घेतलं. घासलेटात फिरव, पूस, कानाशी धर, पुन्हा फिरव. चौथ्या खेपेला त्याचा चेहरा सैल झाला. "गोळ्या शाबूत आहेत. ऐक." जमुनेने कान लावला. तिला काही कळलं नाही, पण त्याला कळलंय एवढं कळलं आणि तेवढंच पुरे होतं.

मग परत जोडणी. सूत उलटं सुटायला लागलं. गाठ सोड, वस्तू दे, गाठ सोड, वस्तू दे. लहान चाक आत गेलं, त्यामागे पितळी वायसरची पाळी.

"थांबा," जमुना म्हणाली. वायसर तिच्या बोटात होता आणि कडेला नख अडकत होतं. कांद्याचा पापुद्रा सोलावा तसं तिने नख घातलं आणि एकाचे दोन झाले. दुसरा इतका पातळ, की राळेने पहिल्याला चिकटून एकजीव झाला होता, आणि दोघांमध्ये अजून वाळलेली राळ होती.

नारूने कपाळावर हात मारला. "हे असंच बसवलं असतं तर राळेच्या जाडीने चाकं एकमेकांना रुतली असती. पुन्हा किंचाळला असता." त्याने दोन्ही वायसर पुसून घेतले, बसवले, मोठं चाक लावलं आणि डोळे मिटून हाताने फिरवलं. दोन दातांत केसभर ढिलाई हवी. जास्त नाही, कमी नाही. ती डोळ्यांनी कोणालाच दिसत नाही, चष्मेवाल्यालाही. ती मनगटाला कळते. "बसलं," तो म्हणाला. मग ग्रीस भरलं. खरं ग्रीस. डबा जमुनेने दोनदा वाचला आणि सुक्याने एकदा हुंगला.

शेवटचा स्क्रू आवळत असताना मोतीरामभाऊची छत्री दारात दिसली. मागे काळूही होता. बहिणीचा नवरा काय दिवे लावतोय ते बघायला आला होता.

"झालं का? काय निघालं आत?"

नारूने तोंड उघडायच्या आत जमुना बोलून गेली. "ग्रीस सुकलं होतं. साफ केलं."

खोटं असं नव्हतं, खरंही नव्हतं. बाजारात शिळी मासळी ताजी म्हणून तिने कधी विकली नाही, पण नवऱ्यासाठी जीभ आपोआप वळली.

"ग्रीस सुकलं?" मोतीरामभाऊने सुक्याकडे पाहिलं. "म्हणजे ह्याने दामटून चालवलं. तरी मी म्हणतोच, रेड्याच्या हातात नाजूक काम दिलं की हेच होणार. सुक्या, उद्यापासून तू लाकडं उतरवायची. मशीनला हात लावायचा नाही."

सगळं समोर घडलेलं, तरी सुक्याने नारूकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली बघत तो हाताची राळ चोळून काढत राहिला.

जमुनेला वाटलं, जमीन दुभंगावी. तिने नारूकडे पाहिलं. नारूने डिसमिस खाली ठेवला.

"सुक्याचा काही दोष नाही, मोतीरामभाऊ," तो म्हणाला. "मी ग्रीसच्या जागी राळ भरली. डबा वाचता आला नाही. मला जवळचं दिसत नाही, तीन-चार महिने झाले. ते नटाचं, पॅकिंगचं, तेही त्यातलंच. हा चार दिवस ओरडत होता वास येतो म्हणून, मी त्यालाच हसलो. राखणदार मला कर. मशीन ह्याच्याकडेच ठेव."

काळू पायाच्या अंगठ्याने भुसा उकरायला लागला.

"आधी तो फिरतो का बघू," मोतीरामभाऊ म्हणाला.

सुक्याने कोपऱ्या ड्रिलला चढवला. काळूने जनरेटरला हँडल मारलं. सुक्या होडीत उतरला, गिरमिट विसाव्या खुणेवर टेकवलं आणि खटका दाबला. कोपऱ्या बोलला. किंचाळला नाही, गुणगुणला, एका सुरात, आणि सागाचा पिवळा भुसा वेटोळे घेत वर आला. नारू डोळे मिटून ऐकत होता. भोक आरपार गेलं. सुक्याने मशीन वर उचललं, नाकाशी धरलं आणि भला मोठा श्वास घेतला.

"वास नाय!" तो ओरडला.

काळूने बहिणीला मिठीच मारली असती, पण चारचौघांत म्हणून तिच्या हातातलं घासलेटचं फडकं घेऊन उगाच पिळलं.

मोतीरामभाऊ मात्र गंभीर. "लांबचं दिसतं म्हणतोस?"

"दिसतं."

"मग तर राखणदारीलाच लायक." त्याने चष्मा नाकावर नीट बसवला. "अरे बाबा, बेचाळिशी उलटली की सगळ्यांचंच जवळचं जातं. मी हे नाकावर काय शोभेला लावतो? चार महिने सोंग करण्यापेक्षा मला एक शब्द बोलला असतास तर! सोमवारच्या बाजारात चष्मेवाला बसतो, काच घालून घालून बघायची, जी लागेल ती घ्यायची. बिलीमोऱ्याला मी कळवतो, गरज नाही म्हणून. सुक्या, तुला बोललो ते मागे घेतलं. आणि वहिनी, त्या राळेच्या डब्याच्या गळ्यात तुमचं सूत बांधा एक, गाठी मारून. शाईचा भरवसा नाही."

जमुनेने सूत बांधलं. तीन गाठी. तिला एकदम इतकं हलकं वाटलं, की खुदकन हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. दुपारचा डबा तसाच राहिला होता, तो तिने उघडला. आत भाकरी आणि काट्यांच्या मासळीचं कालवण.

"हा घे, लाव बघू," मोतीरामभाऊने आपला चष्मा नारूच्या नाकावर चढवला.

नारूने आधी डबा वाचला. राळ. दुसरा वाचला. ग्रीस. मग स्वतःचे हात बघितले, नखांतली राळ बघितली, वाटीतला मासा बघितला आणि त्यातला एकेक काटा बोटाने दाखवत लहान पोरासारखा हसला. मग त्याने मान वर केली. समोर वाटी धरून जमुना वाकली होती, अगदी हातभर अंतरावर. तो बघतच राहिला. हसू हळूहळू थांबलं.

"जमुने," तो म्हणाला, "तुझे केस कधी पिकले गं?"

"तुम्ही नुसतं कालवण खात होतात तेव्हा," जमुना म्हणाली, आणि वाटी त्याच्या हातात दिली.